दहावा हिस्सा

रविवार, २७ ऑगस्ट २०२३

उपासनेनंतर थैली मोजली. सुटे धरून ३,१४० रुपये. दशांशाची पाकिटे सहाच. एरवी महिन्याच्या शेवटच्या रविवारी चौदा-पंधरा तरी येतात. मोजायला दोघे बसतो, मी आणि पंच कमिटीतले एक दादा. एकट्याने अर्पण मोजायचे नाही, हा नियम माझ्या आधीच्या खजिनदारांचा. त्यांचा कुणावर संशय नव्हता, पण उभी हयात जिल्हा परिषदेच्या हिशोब खात्यात गेलेली.

आमच्या मंडळीची ४६ घरे. निम्म्याहून अधिक शेतीवाली, बरीचशी नगरच्या एमआयडीसीत कंत्राटी कामाला, तीन-चार शिक्षक आणि माझ्यासारखे पेन्शनर. बाजरी निसवली तेव्हापासून पाऊस नाही. पाकिटे का घटली हे विचारायला कुणाच्या दारात जायला नको, चर्चला येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना दिसते.

गुरुवार, ३१ ऑगस्ट

पगाराचा दिवस. पाळकसाहेबांचे १४,००० ठरलेले. खात्यात ९,७००, त्यातून चर्चचे लाइट बिल भरायचे. आठ हजार दिले. जूनपासूनची बाकी आता साडेसोळा हजारांवर गेली. लिफाफा घेताना साहेब म्हणाले, "बाई, काळजी करू नका, देव पुरवतो." मनापासून म्हणतात ते, तोंडदेखलं नाही. पाळकीणबाई आतून चहा घेऊन आल्या आणि मी निघताना ओट्यापर्यंत सोबत येऊन हळूच म्हणाल्या, धाकटीची फी दहा तारखेच्या आत भरायची आहे, तेवढं तरी बघाल का.

रात्री बातम्यांत सांगितले, १९०१ पासून नोंदी आहेत आणि इतका कोरडा ऑगस्ट देशात कधी झाला नव्हता.

साहेबांचा भरवसा देवावर आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. पण तो भरवसा माझ्या वहीतून जातो, आणि वही बाजरीच्या कणसातून. ही मधली वाट उपदेशात कधी येत नाही.

रविवार, ३ सप्टेंबर

पुण्याहून पाहुणे वक्ते आले होते. विषय दशांश, पाकिटांची खबर त्यांच्यापर्यंत पोहोचलेली दिसली. मलाखीचा तिसरा अध्याय, आठ ते दहा. दहावा भाग भांडारात आणला नाही तर ती देवाघरची चोरी, आणला तर आकाशाची दारे उघडून एवढा आशीर्वाद की ठेवायला जागा उरणार नाही. मग साक्षी: अमक्याचे कर्ज फिटले, तमक्याला बढती, एकाला वाकडला फ्लॅट. बोलणे रसाळ होते, आमची तरुण पोरे पुढे झुकून ऐकत होती.

मागच्या बाकावरून कांदेवाल्या दादांनी माझ्या कानाशी येऊन विचारले, "बाई, आकाशाची दारं उघडतील म्हणजे पाऊसच ना?"

हसू आले, पण प्रश्न बरोबर होता. त्या उताऱ्यात पुढे लगेच पीक खाणाऱ्या किडीचे आणि द्राक्षवेलीचेच बोलणे आहे. मलाखी शेतकऱ्यांशी शेताचे बोलत होता. फ्लॅट मध्येच कुठून आला, ते वक्त्यांनाच ठाऊक.

मंगळवार, ५ सप्टेंबर

शिक्षक दिन, म्हणून सकाळभर जुन्या विद्यार्थ्यांचे फोन. दुपारी मलाखी पुन्हा काढला. आठव्या वचनाच्या जरा वर, पाचव्यात, देव कुणाकुणाविरुद्ध साक्षीला उभा राहणार याची यादी आहे. जादूटोणा करणारे, व्यभिचारी, खोटी शपथ घेणारे, आणि त्याच दमात मजुराची मजुरी बुडवणारे, विधवा-पोरक्यांना गांजणारे, परक्याचा हक्क डावलणारे. रविवारी वाचन तिथून सुरू झाले असते, तर पाळकाची साडेसोळा हजारांची बाकी ठेवणाऱ्या मंडळीने कुठे बघितले असते?

हे त्या एका उताऱ्यापुरते नाही. विधवेच्या दोन दमड्यांची गोष्ट दरवर्षी ऐकते. मार्कच्या बाराव्या अध्यायात तिच्या अगदी वर, येशू विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांवर कडाडतो. ती ओळ कुणी वाचत नाही. त्या बाईने सगळी उपजीविका टाकली, तिचे कौतुक करताना तिच्यावर ती पाळी कुणी आणली हे विचारायला नको का? पैशाचा विषय निघाला की आपण वाचायला एक-दोन ओळी उशिराच सुरुवात करतो.

शनिवार, ९ सप्टेंबर

पाऊस नाही, म्हणून शेतात कुणाला काम नाही, म्हणून महिला संघाच्या अभ्यासाला आज चांगली गर्दी. मी दशांशच घेतला. म्हटले, मलाखीच्या आठ ते दहा वचनांच्या पलीकडे काय आहे ते बघू तरी.

सुरुवात याकोबापासून. घरातून पळालेला, उशाला दगड घेऊन झोपलेला पोरगा. सकाळी उठून देवाला नवस बोलतो तोही अटीचा: मला सांभाळलेस, खायला भाकरी आणि अंगाला कपडा दिलास, सुखरूप घरी आणलेस, तर दहावा भाग देईन. बायका हसल्या. एक म्हणाली, "हा तर आमच्या मालकांसारखा." पण त्या अटीवर देव रागावल्याचे कुठे लिहिलेले नाही.

मग लेवीय २७. कळपातली जनावरे काठीखालून एकेक पुढे सोडायची, जे दहावे निघेल ते देवाचे. चांगले की वाईट हे बघायचे नाही, बदलायचे नाही. आमच्यात एकीच्या माहेरी मेंढरे आहेत. ती चटकन म्हणाली, "म्हंजे नऊच मेंढरं आसली तर?" खरेच की. नऊच असतील तर काठीखालून दहावे जातच नाही. इतकी वर्षे मी हा अध्याय वाचला, मला हे सुचले नव्हते.

अनुवादाचा चौदावा अध्याय वाचला तेव्हा तर कुणाचा विश्वास बसेना. दशांश देवासमोर नेऊन स्वतःच खायचा, घरच्यांसकट, आनंदाने. ठिकाण लांब असेल तर विकून चांदी गाठीला बांधायची आणि तिथे गेल्यावर मनाला येईल ते घ्यायचे, बैल, मेंढरू, द्राक्षारस, अगदी मद्यसुद्धा. (पाळकीणबाईंनी इथे पान उलटले.) फक्त गावातल्या लेव्याला विसरायचे नाही, कारण त्याला जमिनीचा वाटा नाही. आणि दर तिसऱ्या वर्षी सगळा दशांश गावच्या वेशीतच ठेवायचा, लेवी, परका, पोरका आणि विधवा यांनी पोटभर खावे म्हणून. म्हणजे मोशेने देणाऱ्यापेक्षा खाणाऱ्यांची नावे जास्त घेतली आहेत.

आपल्याकडे दहावा हिस्सा म्हटला की मला आधी सरदेशमुखी आठवते, शाळेत इतिहास शिकवल्याचा परिणाम. चौथाईच्या वर शेकडा दहा, आणि पाठीशी घोडदळ. इंग्लंडातही दशांश कायद्याने वसूल होई. धान्य साठवायची त्यांची मोठाली कोठारे अजून उभी आहेत. १८३६ च्या कायद्याने धान्याच्या जागी रोकड आली आणि त्यानंतर शंभर वर्षांनी तीही वसुली मोडीत निघाली. दहावा भाग खुशीने देणे आणि दहावा भाग उपटला जाणे, शेतकऱ्याच्या पोत्याला दोन्ही सारखेच जाणवत असणार.

रविवार, १७ सप्टेंबर

निराधार योजनेतली आमची आजी. सरकारने यंदा हजाराचे दीड हजार केले. आज तिच्या पाकिटात दीडशे. मोजणी झाल्यावर मी ते घेऊन तिच्या घरी गेले आणि म्हटले, आजी, एवढे नका देऊ, औषधाला ठेवा.

चिडली. "तुमी सगळे मला द्यायला येता. पोरं किराणा देतात, तुमी साडी देता, सरकार पैशे देतं. म्हयन्यातून एक डाव मी देनारी आसते, त्ये बी मोडता का?"

पाकीट परत आणले, वहीत चढवले. ९ तारखेच्या अभ्यासात मी मोठ्या तोंडाने सांगितले होते की विधवा ही दशांश खाणारी. ती देणारीही असते, हे तिथे आजी असती तर तिनेच सांगितले असते.

रविवार, २४ सप्टेंबर

भाचा पुण्याहून गणपतीच्या सुटीला आलेला. आयटीत होता, जूनमध्ये कंपनीने काढले. त्याच्या तिकडच्या चर्चमध्ये थैली फिरतच नाही, पडद्यावर क्यूआर कोड येतो. दशांश कर कापायच्या आधीच्या पगारावर की हातात पडणाऱ्यावर, यावर म्हणे त्यांच्या तरुण संघात तासभर वाद झाला.

"आता तर पगारच नाही," मी म्हटले.

"जाताना तीन महिन्यांचा दिला ना, त्याचा दिला."

फ्लॅटचा हप्ता चालू असताना! मी बोलायला तोंड उघडले, तर तो म्हणाला, "मावशी, परत दहापट मिळेल म्हणून नाही दिला. ते लोक तसं सांगतात, मला नाही पटत. पण नोकरी गेली त्या रात्री झोप येईना. पैसे पाठवले आणि झोप लागली. पैसा आपला मालक नाही एवढं स्वतःला एकदा दाखवायचं होतं."

त्याच्या आईला हे सांगितलेले नाही. मी सांगणार नाही. पटले की नाही ते मला अजून ठरवता येत नाही. बँकेचा हप्ता झोपेवर फिटत नाही, हेही खरेच.

रविवार, १ ऑक्टोबर

गोराईच्या मैत्रिणीचा फोन. त्यांचा आज आगेरा. ईस्ट इंडियन कॅथलिक लोक भाताच्या पहिल्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, फादर आशीर्वाद देतात, मग त्यातल्या थोड्या घरोघर. त्यांच्याकडे दहावा भाग मोजत नाहीत, ऐपतीप्रमाणे द्यायचे. "तुम्ही प्रोटेस्टंट फार टक्केवारी करता," म्हणाली. डी.एड.ला असल्यापासून हीच थट्टा.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' पुन्हा काढले आहे. नगरच्या ख्रिस्ती माणसाने ते अधूनमधून वाचावेच. लक्ष्मीबाई आणि रेव्हरंड टिळक यांच्या संसाराची कितीतरी वर्षे इथली. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, ठरलेला पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. विलायती पैशावर ख्रिस्ताचे नाव सांगणारा माणूस लोकांना मिशनचा चाकर वाटतो, ही सल त्यांना होती. मे १९१९ मध्ये ते गेले.

उपदेशात ही गोष्ट विश्वासाचे उदाहरण म्हणून येते, यावीच. मला मात्र ती वाचताना दिसतात लक्ष्मीबाई. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. घरात पाहुणे, विद्यार्थी, पोरकी मुले यांची वर्दळ. बालकवी ठोमरेही त्यांच्याकडे राहिलेले. हे सगळे दोन वेळा जेवत होते ते बाईंच्या चुलीवर. त्या हे इतके हसवत सांगतात की आपणही हसत सुटतो आणि डब्यात पीठ किती होते ते विचारायचे राहून जाते. पगार सोडणाऱ्याचा विश्वास इतिहासात नोंदला गेला. त्याच विश्वासाच्या भाकरी थापणारीचा विश्वास कुठल्या रकान्यात घालायचा?

बायबल याबाबतीत आमच्यापेक्षा प्रामाणिक आहे. दुष्काळात देवाने एलीयाला पुरवले ते सारफथच्या एका विधवेकडून, जिच्याकडे मूठभर पीठ आणि थोडे तेल उरले होते. ती त्याला स्वच्छ सांगते की हे शेवटचे आहे, मी आणि मुलगा खाऊ आणि मरू. तिचे मडके पुढे रिकामे झाले नाही. पण तिचे हे बोलणे कुणी गाळले नाही, लिहून ठेवले आहे. पाळकीणबाईंचे "तेवढं तरी बघाल का" कुणी लिहिणार?

शनिवार, २८ ऑक्टोबर

महिला संघाची सहल केडगावला, मुक्ती मिशन बघायला. गाडी दौंडच्या फाटकापाशी बराच वेळ खोळंबली, तेवढ्यात डबे निम्मे संपले.

पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले ते अमेरिकेतल्या मंडळींनी दहा वर्षे मदत करायचे कबूल केले होते, त्या आधारावर. ती मुदत १८९८ मध्ये संपत आली, आणि त्याच सुमारास १८९६-९७ च्या दुष्काळातल्या पोरी त्यांनी केडगावच्या माळावर आणून ठेवलेल्या. १९०० च्या दुष्काळानंतर तर हा आकडा दोन हजारांच्या घरात गेला. तेव्हा बाईंनी ठरवले की आता गरज देवालाच सांगायची. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचे चरित्र त्यांनी वाचले होते. म्युलरने १८३० मध्ये ठरलेला पगार नाकारला, चर्चमधल्या बाकांचे भाडे बंद केले, दाराशी पेटी ठेवली आणि पुढे कुणाकडेही पैसा न मागता दहा हजारांवर पोरकी मुले वाढवली.

न मागता, हे खरे. पण म्युलर दरवर्षी अहवाल छापायचा, पैन् पैचा. टीकाकार म्हणत, हेही मागणेच. असेना का. मला त्यात वावगे काही वाटत नाही. पैसे देणाऱ्याला ते कुठे गेले हे कळायलाच हवे. आणि रमाबाईंचा भरवसा म्हणजे हात जोडून बसणे नव्हते. विहिरी खणून घेतल्या, मळा केला, गुरे पाळली, छापखाना घातला. मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणले, ते याच पोरींनी जुळवून छापले. इंग्रजीत पत्रिकाही काढायच्या, तिच्यातून दूरदूरच्या लोकांना इथली हकिकत कळे. विश्वासावर जगणारी ही दोन्ही माणसे हिशोबाला पक्की होती. आमच्यातल्या ज्यांना "देव बघून घेईल" म्हणून वह्या लिहायचा कंटाळा आहे, त्यांना एकदा केडगावला न्यावे.

परत येताना मिझोरमची गोष्ट निघाली. एकीचा मुलगा तिकडे आर्मीत होता. तिथल्या बायका रोज भात शिजवताना मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात. बुहफाइ थाम म्हणतात त्याला, १९१० पासूनची चाल. त्यावर तिथली चर्चे उभी राहिली. दहावा भाग घरधन्याच्या कमाईचा; ज्या बाईच्या नावावर कमाईच नाही, तिच्या हातात मूठ तर आहे. आमच्या सासूबाईंच्या वेळी इथेही मुठीचे मडके असायचे. आता सगळ्यांचे रेशन दुकानातून, मोजून.

रविवार, ५ नोव्हेंबर

कापणीचा सण. दुष्काळाचे वर्ष, म्हणून कमिटीतले काही म्हणत होते, यंदा नको. बरे झाले केला. वेदीपुढे बाजरीची पायली-दोन पायली, चवळी, शेवग्याच्या शेंगा, दोन भोपळे, गुळाची ढेप, एमआयडीसीतल्या पोरांनी आणलेला केक, एका मुलाने खिशातून जपून आणलेली दोन अंडी, आणि सहा कोंबड्या. उपासनाभर त्यांची बडबड चालू, उपदेश आटोपता घ्यावा लागला.

मग लिलाव. एक कोंबडी तीनदा विकली: घेणारा पैसे देऊन पुन्हा टेबलावर ठेवायचा. शेवटी ती २,६५० ला गेली. भोपळा ९००. दोन अंडी ५००, आणि ती घेणाऱ्याने त्या मुलालाच परत दिली. शेतीवाले बोलीत फारसे नव्हते; त्यांनी माल आणला होता, पगारदारांनी बोली लावली. एकूण ४१,३०० जमले.

ज्याच्याकडे धान्य आहे तो धान्य देतो, ज्याच्याकडे नोटा आहेत तो नोटा, आणि हसत हसत. या एका दिवशी टक्केवारीचा प्रश्न कुणालाच पडत नाही.

मंगळवार, ७ नोव्हेंबर

पंच कमिटी. ४१,३०० चे काय करायचे. ठराव आला, नवीन साउंड सिस्टीम. मी म्हटले, आधी पाळकसाहेबांची बाकी. एक जण म्हणाले, "साहेबांची काही तक्रार नाही." साहेब खाली बघत होते. मी मलाखी उघडला आणि पाचवे वचन वाचायला लावले, त्या बोलणाऱ्यांनाच. पुढे फार बोलावे लागले नाही. बाकी चुकती. उरलेल्यात स्पीकर दुरुस्त होतो, असे आता सगळ्यांच्याच लक्षात आले.

रविवार, १९ नोव्हेंबर

दुपारी क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना. उपासना वेळेच्या आधी संपली, थैली मोजायला कमिटीतले दादा थांबेनात, बळेच बसवले. एवढे करून आपण हरलो.

सोमवार, २७ नोव्हेंबर

काल पारनेर भागात गारा. आमच्याकडेही झोडपले. कांदेवाल्या दादांचा लाल कांदा काढणीला आलेला. पात मोडून जमिनीला चिकटली आहे. आता पाऊस आला, तोही असा. सप्टेंबरातला त्यांचा प्रश्न आठवला. त्यांना आठवण करून द्यायची माझी हिंमत नाही.

शुक्रवार, ८ डिसेंबर

काल रात्री सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, ३१ मार्चपर्यंत. ऑगस्टात ४० टक्के शुल्क बसवले होतेच. गारांतून वाचलेला माल दादा आज-उद्या बाजारात नेणार होते.

मंगळवार, १२ डिसेंबर

दादा संध्याकाळी कांदाविक्रीच्या दोन पट्ट्या घेऊन आले. पहिली २ तारखेची, क्विंटलला ३,६००. दुसरी कालची, १,९००. दोन्हीखाली हमाली, तोलाई, वाराई कापलेली. "बाई, दशांश कुठल्या ओळीचा काढू? वरच्या रकमेचा, का कापून आलेल्या? का बियाणं, खत, औषध, मजुरी वजा जाता उरलेल्याचा? एकरी सत्तर हजार गेलेत. तसं धरलं तर काही उरतच नाही, मग दशांश कशाचा?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. मोशेच्या काळी खताचे बिल नव्हते. शेताच्या उपजाचा दहावा, एवढेच लिहिले आहे. म्हणजे वरच्या ओळीचा. पण मोशे ज्याच्याशी बोलत होता त्याच्यावर सोसायटीचे कर्जही नव्हते. पौल करिंथकरांना लिहितो तेव्हा तो दहावा म्हणतच नाही. ज्याने त्याने मनात ठरवले तसे द्यावे, कुरकुरत नको, भिडेखातर नको. मी हे सांगितले.

"मनात ठरवलेलं तर जूनमध्येच," दादा म्हणाले. "तेव्हा भाव माहीत नव्हता."

पौल स्वतः तंबू शिवून पोट भरायचा, हेही सांगणार होते. तोवर ते चहा टाकून उठले.

रविवार, १७ डिसेंबर

वार्षिक अहवालावरून वाद. वर्षानुवर्षे आमच्या अहवालात दशांश देणाऱ्यांची नावे आणि रकमा छापतात. मी म्हटले, यंदा नुसती बेरीज छापू, ज्याची त्याची पावती ज्याच्या त्याच्या हातात. "मग लोक देतील कशाला?" असा प्रश्न भर कमिटीत, मोठ्याने, आणि विचारणाऱ्याला त्यात काही वाटले नाही. निराधार आजीचे दीडशे तिच्या नावापुढे कसे दिसतात, ते मी दर वर्षी बघते. आणि दादांच्या नावापुढे यंदा शून्य पडले तर गावात त्याचा अर्थ काय निघेल? निर्यातबंदी कुणी अहवालात छापत नाही.

मतदान झाले. पाच विरुद्ध चार. नावे यंदा नाहीत. साहेब तटस्थ राहिले. त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही, त्यांना सगळ्यांच्या घरी नाताळाला जायचे आहे.

गुरुवार, २८ डिसेंबर

सकाळी चर्चच्या फाटकात टेम्पो. दादा आणि त्यांचा थोरला, मागे तेरा गोण्या. राहिलेला सगळा माल काढला, चाळीतून गोण्या भरून एका ओळीने बाहेर काढल्या आणि दर दहावी बाजूला ठेवली. "निवडल्या नाहीत," ते म्हणाले. "तुम्हीच सांगितलं ना बायकांना, चांगली-वाईट बघायची नाही म्हणून. त्यातल्या तीन गारांच्या रानातल्या आहेत, लवकर संपवा. आता वरची ओळ का खालची ओळ, ते तुमचं तुम्ही बघा."

महिला संघाने दुपारपर्यंत ओसरीत पसारा घातला. सडका कांदा वेगळा काढला, तो दीड गोणीच निघाला, मला जास्त वाटला होता. दोन गोण्या पाळकीणबाईंकडे. आजीसह सात घरी पाच-पाच किलो. आजीने कांदे घेतले आणि लगेच पिशवीतून चार काढून शेजारणीला दिले. उरलेला नगरला विकायचा की घरोघर, यावर बायकांत एकमत होईना. शेवटी घरोघर ठरले, वीस रुपये किलो. आडत नाही, हमाली नाही.

संध्याकाळी वही घेऊन बसले. आमच्या कीर्दीत धान्याचा रकाना आजोबांच्या काळातला आहे, छापलेला, पण कितीतरी वर्षे त्यात कुणी काही लिहिलेले नाही. तिथे मांडले: कांदा, १३ गोण्या, अंदाजे साडेसहा क्विंटल. पुढे किंमत लिहायची. ऑडिटरला फोन केला. तो म्हणाला, "बाजारभावाने लिहा." मी विचारले, "कुठल्या तारखेच्या?" तो म्हणाला, "ज्या दिवशी दिला त्या दिवशीच्या." मी म्हटले, "दिला जूनमध्ये, आला आज." ऑडिटर बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, उद्या बघून सांगतो.